पिवळं झाकण

घरात तिला कात्रीच म्हणत. नाव आत्याने ठेवलेलं. ती बालवाडीत असताना बाबांनी नवे बूट आणले. ते चावायला लागले म्हणून परत करायला निघाले, तर खोक्याचं झाकण गायब. झाकणावरचा धावता घोडा हिने कापून उशीखाली ठेवला होता. खोक्याशिवाय दुकानदार बूट परत घेईना. बाबा पुढे कितीतरी दिवस तेच बूट घालून लंगडत कामावर जात राहिले, आणि आत्या प्रत्येक भेटीत आपल्या भावाला विचारत राहिली, "काय रे, घोडा बरा आहे ना?"

कात्री मोठी झाली, ग्राफिक डिझाइन शिकायला लागली, कॉलेज आत्याच्या शहरात मिळालं म्हणून तिच्याकडे राहायला आली. सवय मात्र गेली नाही. कॉलेजचा रिवाज असा, की प्रत्येकाने आपल्या खोलीत एक भिंत राखून ठेवायची आणि डोळ्याला जे धरून ठेवेल ते तिच्यावर लावायचं. त्याला प्रेरणा-भिंत म्हणत. बाकीची मुलं इंटरनेटवरून चित्रं छापून आणत. कात्रीच्या भिंतीवर खऱ्या वस्तू असत. साबणाचं वेष्टण, बसच्या सीटच्या कापडाची फाटकी कड, किड्याने जाळी केलेलं पान, कुणाच्या तरी एक्स-रेचा कोपरा, औषधाच्या खोक्यातलं घड्या घातलेलं पत्रक. त्या पत्रकात काय लिहिलंय ते तिने वाचलं नव्हतं. बारीक अक्षरांचा एकसारखा करडा पट्टा तिला आवडला होता, एवढंच. तिचं तसंच होतं. वस्तूचा आकार आधी दिसे आणि ती वस्तू कशासाठी आहे हे मागाहून. कधीकधी मागाहूनही नाही.

या सगळ्याचं मूळ आत्याच्या कपाटात होतं. आत्याने सगळी नोकरी एका मोठ्या दुकानात, भेटवस्तू बांधून देण्याच्या काउंटरवर केली. फितीचं फूल ती गिऱ्हाइकाशी गप्पा मारता मारता, हाताकडे न बघता बांधत असे. हाताखालून गेलेल्या कागदांचे तुकडे, फिती, अत्तराच्या खोक्यांची आतली अस्तरं तिने एका चौकोनी पत्र्याच्या डब्यात जमवली होती. लहानपणी कात्री सुट्टीत आली की दुपारी तो डबा निघे.

"मधलं सोड," आत्या म्हणे. "मधलं सगळेच बघतात. ज्याने केलंय त्याची अक्कल कडेला दिसते."

मग दोघी कडा बघत बसत. वेल कोपऱ्यात आली की कशी वळवलीय, वळताना पान लहान केलंय की देठच वाकवलाय. आई फोनवर म्हणायची, "पोरगी उन्हात खेळायची सोडून साबणाचे कागद बघतेय. तुमच्याकडे पाठवली की बिघडूनच येते, ताई." आत्या म्हणायची, "बिघडलेलीच होती. मी फक्त धार लावली."

शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाचा विषय कात्रीला शोधावा लागला नाही. तो बाथरूममधल्या आरशाखालच्या फळीवर रोज समोर दिसत होता. आत्याला काचबिंदू होता. त्यात डोळ्यातला दाब वाढतो आणि मागची नस हळूहळू मरत जाते. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून कळतही नाही. त्याचे थेंब, रक्तदाबाच्या गोळ्या, गुडघ्याचं मलम, अशी सगळी फळी भरलेली. लाल, निळी, चट्ट्यापट्ट्यांची खोकी, एकमेकांवर ओरडणारी. माणूस आधीच आजारी, त्याने उठल्याउठल्या हा बाजार का बघायचा, असं कात्रीने वर्गात मांडलं. तिच्या मार्गदर्शक सरांना ते एकदम पटलं.

"पण मालिका कर," सर म्हणाले. "सुटी सुटी सुंदर नकोत. एका आईची लेकरं वाटली पाहिजेत."

कात्रीने तशीच केली. आत्याच्या डब्यातल्या एका जुन्या साबणाच्या वेष्टणावरची वेल घेतली, तिची पानं कमी केली, रंग पाण्यात धुतल्यासारखे फिके केले. प्रत्येक औषधाला त्याच वेलीची वेगळी छटा. नाव खाली, बारीक, सडपातळ अक्षरात. सरांनी पहिला नमुना हातात घेतला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. सर गप्प बसले म्हणजे काम झालं, हे वर्गात सगळ्यांना माहीत होतं.

त्याच सुमारास आत्याच्या डोळ्यांच्या डॉक्टर बदलल्या. नव्या डॉक्टरीणबाईंनी काचबिंदूचे जुने थेंब बंद करून दुसरे दिले. सकाळ-संध्याकाळ, न चुकता. शिवाय डोळे कोरडे पडतात म्हणून साधे ओलाव्याचे थेंब, वाटेल तेव्हा घालायला. महिन्याभराने तपासू म्हणाल्या. दोन्ही बाटल्या करंगळीएवढ्या, पांढऱ्या. ओलाव्याच्या बाटलीचं झाकण पांढरं होतं, काचबिंदूच्या बाटलीचं पिवळंजर्द.

नमुन्याची वेष्टणं सगळे रिकाम्या बाटल्यांवर लावतात. पण सरांचा त्याला विरोध होता. "रिकाम्या बाटलीचा फोटो रिकामाच दिसतो. वस्तू वापरात असताना दाखव." म्हणून कात्रीने आत्याच्या वापरातल्या बाटल्यांनाच नवे कपडे घातले. काचबिंदूच्या बाटलीला हिरवट करडा, ओलाव्याच्या बाटलीला जांभळट करडा. पिवळं झाकण काही केल्या त्या मालिकेत बसेना. लग्नात कुणी पावसाळी रेनकोट घालून यावं तसं दिसत होतं. कात्रीने त्यावर पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले.

आत्याने बाटल्या हातात घेतल्या, लांब धरल्या, जवळ आणल्या.

"कुठली कुठली?"

"हिरवट ती काचबिंदूची." कात्रीने त्या बाटलीवर बोट टेकवलं. "जांभळट ती कोरडेपणाची."

"हं."

"दिसतंय ना नीट?"

"अगं, आंधळी नाही झाले अजून." आत्या हसली. बाटल्यांवरून अंगठा फिरवला. "कोपऱ्यातलं पान बरोबर वळवलंस."

तिने एक बाटली ब्रशच्या मगापाशी ठेवली, दुसरी कंगव्यापाशी. मग शेजारच्या बाईंना हाक मारून बाथरूमपर्यंत आणलं आणि फळी दाखवली. "आमच्या पोरीनं केलंय. उद्या हेच दुकानात मिळेल, तेव्हा म्हणाल, हे तर आम्ही आधीच पाहिलं होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी, आत्या उठायच्या आत, कात्रीने फोटो काढले. त्या फळीवर थोडाच वेळ ऊन येत असे. एक फोटो काढून तिने ब्रशचा मग आणि कंगवा बाजूला केला. बाटल्या होत्या तशा ठेवून पाहिल्या. चित्र एका अंगाला कलल्यासारखं वाटलं. जड रंग उजवीकडे हवा होता. तिने बाटल्यांची अदलाबदल केली, आणि चित्र तोललं गेलं. ऊन सरकल्यावर तिने मग आणि कंगवा जागच्या जागी ठेवले. बाटल्या जिथे छान दिसत होत्या तिथेच राहिल्या.

पुढचे दिवस कामाच्या रगाड्यात गेले. आत्या एकदा चहा घेताना म्हणाली, "हे नवं काचबिंदूचं औषध बरं आहे हं. पहिल्या दिवशी झोंबलं, मग डोळा सरावला. आता अगदी गार लागतं."

"हं," कात्री म्हणाली. ती मलमाच्या खोक्याची घडी मोजत होती.

"ते कोरडेपणाचं मात्र बंद केलं मी. नुसती आग होते. रडायचंच झालं तर त्यासाठी औषध कशाला, तुझ्या बापाचा फोन पुरे."

कात्री हसली आणि पट्टी पुढे सरकवली.

महिन्याभराने ती आत्याबरोबर दवाखान्यात गेली. आधी दृष्टीची कक्षा मोजायची तपासणी झाली. एका पांढऱ्या गोल भांड्यात हनुवटी टेकवून बसायचं, आत कुठेही ठिपका लुकलुकला की बटण दाबायचं. आत्या आत होती तेव्हा बाहेर बसलेल्या कात्रीला बटणाचा आवाज येत होता. मधे मधे बराच वेळ येत नव्हता. मग छापलेला कागद बाहेर आला. त्यावर दोन वर्तुळं होती, ठिपक्यांनी भरलेली. मध्यावर विरळ, मग दाट, मग वरच्या अंगाला एक काळी कमान. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतचा तो उतार इतका सुरेख होता, की कात्रीने कागद हातात घेऊन तिरका करून पाहिला.

"याची एक प्रत मला मिळेल?" तिने मदतनीस मुलीला विचारलं.

"देते ना, ही फाइलला लागेल. घरी दाखवायला हवी ना?"

"भिंतीवर लावायला," कात्री म्हणाली. त्या मुलीने तिच्याकडे जरा बघितलं आणि प्रत काढून दिली.

आत डॉक्टरीणबाईंनी दाब मोजला, पुन्हा मोजला. जुना कागद आणि नवा कागद शेजारी ठेवले. "थेंब नियमित घालता?"

"एक वेळ चुकलेली नाही," आत्या म्हणाली. शाळेत पाढे पाठ असलेल्या मुलीसारखी ताठ बसली होती ती.

"मग हे औषध तुम्हाला लागू पडत नाहीये. दाब खूप चढलाय. कक्षाही मागच्यापेक्षा आखडली आहे." डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "आता थेंबांवर विसंबून राहणं मला योग्य वाटत नाही. ऑपरेशन करू. पुढच्या आठवड्यातच."

त्यांनी सगळं नीट समजावलं. ऑपरेशनने गेलेलं परत येत नाही, राहिलेलं टिकवायचा प्रयत्न असतो. धोके असतात. क्वचित आहे तेही कमी होतं. आत्या प्रत्येक वाक्याला मान हलवत होती. परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली. मग म्हणाली, "कात्री, त्या भांड्यात बघताना मला वाटत होतं, दिवे लागतच नाहीयेत. मी आपली वाट बघत बसले. ते लागत होते का गं?"

"लागत असतील," कात्री म्हणाली.

घरी आल्यावर तिने तो कागद भिंतीवर लावला. पानाच्या जाळीशेजारी छान बसला. लावून झाल्यावर काहीतरी टोचल्यासारखं झालं, पण ते काय हे कळायच्या आत सरांचा फोन आला. प्रदर्शनाच्या दाराशी जे मोठं चित्र लागायचं होतं, त्यासाठी तिचाच फोटो निवडला होता. सकाळच्या उन्हातल्या फळीवरच्या दोन बाटल्या. आणि त्या दोन बाटल्या टेबलावर प्रत्यक्षही हव्या होत्या. "त्याच आण," सर म्हणाले. "पाहणाऱ्याने चित्र बघावं आणि मग तीच वस्तू हातात घ्यावी."

दुसऱ्या दिवशी आत्याचे थेंब घालून झाल्यावर कात्रीने बाटल्या संध्याकाळपर्यंत उसन्या मागितल्या. "ने," आत्या म्हणाली. "आता तशीही त्यांची सद्दी संपलीच."

स्टुडिओत दुपारचा उजेड होता. तिने दोन्ही बाटल्या पिशवीतून काढल्या, एक एका हातात, दुसरी दुसऱ्या हातात, आणि थांबली. एक हलकी होती. दुसरी जड. जांभळट बाटलीत तळाला जेमतेम थेंब उरले होते. हिरवट बाटली जवळजवळ भरलेली होती.

तिने हिरवट बाटली उजेडासमोर धरली. झाकणाला नखाने खरवडलं. पांढऱ्या रंगाखालून पिवळा निघाला. म्हणजे वेष्टण चुकलं नव्हतं. काचबिंदूचं औषध हेच, आणि ते जवळपास घातलंच गेलं नव्हतं. दुसरं काही कारण असेल, म्हणून तिने एकेक शक्यता तपासली. आत्याने नवी बाटली आणली असेल का? आणली असती तर ती कात्रीनेच सजवली असती. आत्या घालायला विसरली असेल का? मग जांभळट कशी संपली? "आता अगदी गार लागतं." "नुसती आग होते." ती दोन वाक्यं तिने ऐकली होती, घडी मोजता मोजता ऐकली होती.

तिने कॅमेऱ्यातले फोटो मागे मागे नेले. पहिल्या फोटोत, काहीही हलवण्याआधीच्या, आत्याने ठेवलेल्या बाटल्या: मगापाशी हिरवट, कंगव्यापाशी जांभळट. शेवटच्या फोटोत, दारावर लागणाऱ्या, उलट. आत्या रंग बघत नव्हती. ती जागा बघत होती.

सर तिच्या टेबलाशी आले तेव्हा ती स्टुलावर बसून होती. तिने त्यांना सगळं सांगितलं. सर ऐकताना खाली बसले. माणूस वाईट नव्हता.

"नाव लिहिलंय ना पण खाली?" ते शेवटी म्हणाले.

"लिहिलंय. एवढं बारीक तिला वाचता येत नसणार."

"हे बघ, घरी जा. औषध बरोबर चालू कर. डॉक्टरांना काय सांगायचं ते सांग. पण टेबल रिकामं ठेवू नकोस. हे काम चांगलं आहे. एका माणसाच्या बाबतीत गोंधळ झाला म्हणून ते वाईट ठरत नाही."

"सर, एकाच माणसावर वापरून पाहिलं होतं आपण."

सरांनी बाटली उचलली, उलटसुलट केली आणि हळूच परत ठेवली. या वेळी ते गप्प बसले त्याचा अर्थ कात्रीला लागला नाही.

बसमध्ये तिच्या मनात एक सोपी वाट आली. बाटल्या नुसत्या अदलून ठेवायच्या. काचबिंदूचं औषध मगापाशी. ते आजपासून पोटात, म्हणजे डोळ्यात, जाऊ लागेल. ऑपरेशनच्या आधी दाब मोजतीलच. तो उतरलेला निघेल, डॉक्टरीणबाई म्हणतील, नशीब, थांबू या. कुणाला काही कळायचं नाही. आत्याला ऑपरेशन टळल्याचा आनंद, सरांचं टेबल भरलेलं, दारावर चित्र. तिने ही वाट दोन थांब्यांपर्यंत मनाशी चालून पाहिली. पण उतरलाच नाही दाब तर? आणि उतरला, तरी तोवर आत्या रोज सकाळी उठून त्या भांड्यातल्या न दिसलेल्या दिव्यांचा विचार करणार. शिवाय औषध पुन्हा झोंबायला लागलं की आत्या ते पुन्हा बंद करणार, हेही होतंच. तिसऱ्या थांब्याला वाट संपली.

आत्या स्वयंपाकघरात टेबलाशी बसून ऑपरेशनसाठी न्यायची पिशवी भरत होती. टॉवेल, चपला, चष्म्याचं घर. कात्री समोर बसली आणि बाटल्या मध्ये ठेवल्या.

"आत्या, काचबिंदूचं औषध तू घातलंच नाहीयेस."

"काहीतरीच. एक वेळ—"

"घातलंस ते ओलाव्याचं. गार लागायचं ते. झोंबायचं ते काचबिंदूचं होतं." तिने हिरवट बाटली पुढे सरकवली. "तू जागा लक्षात ठेवल्या होत्यास. मी फोटोसाठी बाटल्या बदलल्या आणि तशाच ठेवल्या."

आत्याने टॉवेलची घडी पुरी केली. मग हात पुढे केला. कात्रीने दोन्ही बाटल्या तिच्या तळहातावर ठेवल्या. आत्याने त्या खिडकीकडे धरल्या, मान जरा तिरकी करून.

"मला दोन्ही करड्याच दिसतात," ती म्हणाली. "पहिल्यापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तू महिनोन् महिने खपलीस. मला वाटलं, पोरीने रंग केलेत, माझेच डोळे नाठाळ. म्हटलं, डावं-उजवं लक्षात ठेवू, भागेल." मग तिचा आवाज चढला नाही, पण घट्ट झाला. "आणि तुला तरी कुणी सांगितलं होतं गं? औषधाच्या बाटलीला फुलापानांचं काय करायचंय? ती काय अत्तराची कुपी आहे? माझे डोळे आहेत ते. तुझी वही नाही."

"हो."

"हो काय नुसतं."

आत्याने भरलेली पिशवी उघडली, चष्म्याचं घर बाहेर काढलं, परत आत ठेवलं.

"किती गेलं असेल याच्यात?"

"माहीत नाही."

"उद्या विचारू." मग ती म्हणाली, "तुझ्या बापाला इतक्यात सांगू नकोस. तो पुन्हा ते घोड्याचं काढेल."

हे हसण्यासारखं होतं, पण दोघींपैकी कुणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. खरवडलेलं झाकण बघून मात्र त्यांच्या कपाळाला आठी पडली. "हा पिवळा रंग कंपनीची हौस म्हणून नसतो. कुठल्या गटाचं औषध, त्यावरून झाकणाचा रंग ठरतो. बहुतेक कंपन्या पाळतात. वाचता येत नाही त्यांच्यासाठीच तर असतो तो."

"मला माहीत नव्हतं," कात्री म्हणाली.

"विचारायचं होतंत."

त्यांनी ऑपरेशन पुढे ढकललं. औषध बरोबर घालून आठवड्याने दाब बघू म्हणाल्या. कात्रीने विचारलं, कक्षा आखडली त्यातलं किती या महिन्यामुळे? डॉक्टरीणबाईंनी दोन्ही कागद पुन्हा पाहिले. "ते वेगळं काढता येत नाही. थोडं आपोआपही गेलं असतं. थोडं यामुळे असेल. आकडा मागू नका, मी दिला तर तो खोटा असेल."

कात्रीला आकडाच हवा होता. कितीही मोठा असता तरी तो हातात धरता आला असता.

"तिथे तिला काळं दिसतं का?" तिने कागदावरच्या कमानीकडे बोट दाखवलं.

"नाही. तिथे काही दिसत नाही, आणि दिसत नाही हेही कळत नाही. मेंदू आजूबाजूचा रंग ओढून ती जागा भरून टाकतो."

कात्री रोज हेच करत असे. फोटोत नको असलेली तार, डाग, भेग. कॉम्प्युटरवर एक साधन असतं, ते शेजारचे ठिपके ओढून जागा बुजवतं. काम चोख झालं की तिथे कधी काही होतं हे कुणालाच कळत नाही.

प्रदर्शनाच्या दारावर दुसऱ्या एका मुलाचं चित्र लागलं. कात्रीने फक्त दोन बाटल्या मागे घेतल्या नव्हत्या. सगळी मालिकाच मागे घेतली. एका आईची लेकरं होती ती, एकाला खाली बसवून बाकीच्यांना उभं करता येईना. टेबलावर तिने पहिल्या वर्षापासूनचं किरकोळ काम मांडलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, शेवटच्या वर्षाचं काय? तिने कारण सांगितलं. एकाने मान हलवली, एकाने घड्याळ पाहिलं. ती पास झाली, काठावर. सर जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, "पुन्हा करशील ना हा विषय?" ती म्हणाली, "बघते." तिला खरंच माहीत नव्हतं.

भिंतीवरचा ठिपक्यांचा कागद तिने उतरवला. टाचणीचं भोक वरच्या काळ्या कमानीतच पडलं होतं. तो तिने आत्याच्या फाइलमध्ये, जुन्या कागदामागे, तारखेप्रमाणे लावला.

आठवड्याने दाब उतरला. ऑपरेशन टळलं, निदान आत्ता. त्या दुपारी आत्याने आपण होऊन पत्र्याचा डबा काढला. साबणाचं ते जुनं वेष्टण हातात घेतलं आणि नाकापासून वीतभर अंतरावर धरलं. मग कागद थोडा खाली केला, मान वर केली, पुन्हा कागद फिरवला. वरच्या कोपऱ्यातलं पान शोधत होती. कात्री बघत राहिली. सापडलं असावं, कारण आत्याने कागद खाली ठेवला. किंवा शोधणं सोडलं असेल.

"बाटली आण," आत्या म्हणाली.

औषधवाल्याकडून नवीन आणलेली बाटली कंपनीच्याच कपड्यांत होती. ढोबळ अक्षरं, भडक पट्टा, पिवळं झाकण. कात्रीने ती आणून दिली. आत्याने शिवणकामाच्या डब्यातून जाड केशरी लोकरीचा तुकडा काढला आणि बाटलीच्या गळ्याभोवती गुंडाळायला घेतला.

"मी बांधू?"

"नको."

लोकरीचं टोक आत्याच्या न दिसणाऱ्या भागात जाई, आणि ती मान वळवून ते परत शोधून आणी. एकदा निसटलं. पुन्हा घेतलं. गाठ एका अंगाला येत होती, एक टोक लांब, एक आखूड, आणि खालचं नाव अर्धं झाकलं गेलं होतं. कात्रीचे हात शिवशिवत होते. गाठ जरा मध्ये आणायची, टोकं सारखी करायची, एवढंच. तिने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले आणि गाठ पुरी होईपर्यंत तशीच बसून राहिली.